ओळखीतलं स्थळ

३ नोव्हेंबर २०२५

तुळशीची लग्नं लागली आणि माझा हंगाम सुरू झाला. सकाळपासून फोनवर फोन. आणि नेमका आजच सुनेनं, म्हणजे सरितानं, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि मला शिकवणी लावली.

कारण गीताबाई. औरंगपुऱ्यात माझी जी खोली आहे, तिच्या खालीच त्यांचं बांगड्यांचं दुकान. त्यांना परवा व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. त्यांनी उघडली. पत्रिका काही दिसली नाही, पण तासाभरात त्यांच्या नावानं तीच पत्रिका साऱ्या गणगोताला गेली आणि फोन त्यांचा राहिलाच नाही. मलाही आली होती. उघडणार तेवढ्यात दारात भाजीवाला आला म्हणून वाचले.

"आई, कुणाचीही पत्रिका अशी उघडायची नाही. आधी त्या घरी फोन करून विचारायचं, खरंच पाठवली का."

"अगं, पत्रिका उघडली नाही तर लोक म्हणतील बाईला माज आला. लग्नं जुळवणारी बाई मी."

सरिता बँकेत आहे. तिच्या टेबलापाशी रोज कोणी ना कोणी रडत येतं म्हणे. तिनं मला माझ्या व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिन लावायला लावली आणि सांगितलं, फोनच्या बाबतीत रोज काय काळजी घेतली ते सवय लागेपर्यंत लिहून ठेवा. गेल्या वर्षीची ही डायरी कोरीच होती, तारखा खोडून वापरतेय. हे म्हणाले, "हिला दात घासायची सवय लागायला किती वर्षं लागली ते विचार आधी." त्यांना दुपारचा चहा दिला नाही.

५ नोव्हेंबर

पिन विसरले. सरिता म्हणाली होती जन्मतारीख नको, म्हणून मी आमच्या लग्नाची तारीख टाकली होती. तिनं पहिल्याच फटक्यात ओळखली. पुन्हा बदलली.

घरातल्यांनी एक शब्द ठरवलाय. कोणी आमच्यापैकी कुणाच्या आवाजात फोन करून रडायला लागलं, अपघात झाला, पोलिसांनी धरलं म्हणालं, तर आधी तो शब्द विचारायचा. तो इथं लिहायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. हे मात्र दिवसभर तो शब्द मोठमोठ्यानं म्हणत अंगणात फिरत होते. शेजारच्यांना पाठ झाला असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारचं काम नेमून दिलंय: आपलं व्हॉट्सअॅप आणखी कुठं उघडं आहे का ते बघायचं. बघितलं. एक कॉम्प्युटर निघाला. सरिताला हाक मारली. तो सरितानंच शिकवताना जोडलेला होता. मी तिला चांगलं सुनावलं, तीही हसली.

आज एक नामी स्थळ आलं. वैजापूरकडच्या बन्सीभाऊ आणि सरूबाईंच्या तनुजासाठी. पोरगी सव्वीस वर्षांची, शेंद्र्याला कंपनीत तपासणी विभागात आहे, इथंच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. शिकलेली, दिसायला चांगली, पण दोन वर्षं झाली, कुठं जमत नाही. सरूबाईचा एक दिवसाआड फोन असतो मला. "ताई, शेजारपाजारच्या समद्या पोरी गेल्या वो. मला देवळात जायची चोरी झाली."

फोन आला तो मुलाच्या मामाचा. सखाराम नाव. मुलगा सत्यम, पुण्यात चांगल्या नोकरीत. मी काही भोळी नाही. माणूस पारखायची माझी रीत ठरलेली आहे. पगार, फ्लॅट हे सगळं नंतर. आधी विचारते, पाहुणे कोण तुमचे?

"ताई, आमी काय लांबचे नाय, पाहुण्यातलेच हाव," तो म्हणाला. आणि मग बसल्या जागी सगळं सांगितलं. तनुजाचा थोरला मामा लासूरचा, धाकटा गंगापूरला मास्तर. आत्या कन्नडला दिलेली. मावशी पैठणला. मग इतर पाहुणे, एकामागून एक, कुठंही न अडखळता. लासूरचे मामा म्हणे ह्याचे साडू. एवढं तर बन्सीभाऊंनाही ओळीनं सांगता यायचं नाही. माणसाला घराण्याची माहिती असावी ती अशी.

१३ नोव्हेंबर

सखाराममामांचा पुन्हा फोन. मुलाच्या आजीला बायोडाटातला फोटो पुरेना. जरा घरगुती फोटो हवेत, साडीतले, सणावाराचे. म्हातारीची हौस. सरूबाईला सांगितलं तर तिनं लगेच चार पाठवले. त्यातला हिरव्या साडीतला, चुलतबहिणीच्या हळदीचा, फारच गोड आहे. मी पुढं पाठवले. मुलाला पोरीशी बोलायचं होतं म्हणून तनुजाचा नंबरही दिला. आता काळ बदलला, मुलामुलींनी बोललं पाहिजे, मी जुन्या वळणाची नाही.

बघायला कधी येता विचारलं तर म्हणाले, भावकीत सुतक आलंय, तेरावं झाल्यावर येऊ. सुतकात कुणी पोरगी बघायला येत नाही. रीत पाळणारी माणसं आहेत.

संध्याकाळी तनुजाचा फोन. "काकू, माझा नंबर कुणी दिला?" मी म्हटलं, मीच दिला, आईला विचारून. "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. लाजली असेल.

पत्रिकेच्या दोन फायली आल्या. दोन्ही घरी फोन करून विचारलं. एक खरी होती. दुसऱ्या घरी लग्नच नव्हतं, त्यांचा पोरगा नववीत आहे. न उघडता पुसून टाकली. सरितानं शाबासकी दिली.

१९ नोव्हेंबर

फोन अपडेट केला. अनोळखी ग्रुपमध्ये कोणी मला आपोआप घालू शकणार नाही असं करून घेतलं. सरिता म्हणते, आई, तुम्ही बँकेतल्या आमच्या साहेबांपेक्षा बऱ्या. माझा फोन आता दौलताबादचा किल्ला झालाय.

तनुजाचा दोनदा फोन येऊन गेला. "काकू, ते लोक येणार कधी? त्यांच्या घरचं कुणी तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का?" पोरगी उतावीळ झालीय. सरूबाईला सांगितलं तर ती हसायला लागली, मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, एवढं जमू द्या. तुमच्या पायाला बाशिंग बांधीन." काय बोलते ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

२७ नोव्हेंबर



दुपारी तनुजा औरंगपुऱ्यात खोलीवर आली. एकटी, कामावरून सुट्टी टाकून. दार लावून घेतलं आणि फोन माझ्यापुढं ठेवला. बघितलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. चेहरा तिचा होता. खालचं अंग तिचं नव्हतं, अंगावर काही नव्हतं. खाली लिहिलेलं: सांगतो तसं कर, नाहीतर तुमच्या सुरेखाताईंच्या स्थळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्या पाहुण्यांना दाखवतो. तो काय कर म्हणत होता ते मी इथं लिहिणार नाही.

पाठवणारा सत्यम.

आधी चार दिवस गोड बोलला. मग रात्रीबेरात्री व्हिडिओवर ये म्हणून मागं लागला. ती म्हणाली, आधी घरच्यांना घेऊन समोर या. तेव्हा हे रूप काढलं.

मी तिला काय विचारलं ते लिहायचीही लाज वाटते, पण लिहिते. मी विचारलं, "तू कधी त्याला काही तसलं पाठवलं नाहीस ना?"

तिनं फोन पुन्हा सरळ केला. मग त्याच फोटोवर बोट ठेवलं. कानातलं, गजरा, कपाळावर लागलेली हळद. "काकू, हा चेहरा हळदीतल्या फोटोतला हाय. हा फोटो मी कुठंच टाकलेला नाय. माझ्या फोनमधीबी नाय. आईनं काढला होता, तिच्याकडंच होता."

  आईकडून माझ्याकडं आला, माझ्याकडून त्याच्याकडं गेला.

माझ्या तोंडून निघालं, "कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची." ती म्हणाली, "मूठ त्याच्या हातात हाय, काकू."

२८ नोव्हेंबर

सरितानं रजा काढली. काल घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं, तेव्हाच तिनं तनुजाला फोन करून बजावलं होतं: काही पुसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे, नंबर नीट लिहून ठेवायचे. आज आम्ही तिघी सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. तनुजा न अडखळता बोलली. अडखळले मी. "मुलाच्या मामांना तुम्ही ओळखत होता?" विचारलं. मी म्हटलं, ओळखीतलेच. "कधी भेटलात?" भेटले नव्हते. "मग ओळख कशी?" मी सांगितलं, त्यांना मुलीचे सगळे पाहुणे माहीत होते, मामा, आत्या, मावशी. त्यांनी मान डोलावली आणि लिहीत राहिल्या.

बाहेर आल्यावर लासूरच्या मामांना फोन लावला. त्यांचा नंबर माझ्याकडं दोन वर्षांपासून आहे. ते म्हणाले, "सखाराम? नाय वो ताई, आमच्यात कुणी सखाराम नाय." एका फोनचं काम होतं. पत्रिकांसाठी मी घरोघर फोन करत बसले, आणि इथं तेवढा एक करायचं सुचलं नाही.

घरी येऊन तनुजाचा बायोडाटा उघडला. मामा: थोरले लासूर, धाकटे गंगापूर, शिक्षक. आत्या: कन्नड. मावशी: पैठण. इतर पाहुणे. तो ह्याच क्रमानं बोलला होता. मीच छापलेलं मला वाचून दाखवलं आणि मी माणूस घरंदाज म्हणून खूश झाले.

हा बायोडाटा माझ्या ग्रुपवर आहे. ग्रुपची लिंक माझ्या कार्डावर छापलेली आहे आणि कार्ड औरंगपुऱ्यातल्या निम्म्या दुकानांत आहे. मी एवढी मूर्ख आहे हे मला माहीत नव्हतं. 

२९ नोव्हेंबर

तनुजानं रात्री फोनवर सांगितलं म्हणून सरूबाई पहिल्या गाडीनं आली, लेकीला घेऊनच माझ्याकडं आली. बन्सीभाऊंना काही सांगितलेलं नाही. आल्या आल्या तिनं माझे पायच धरले. "ताई, कुणाला सांगू नका. पोलिसात गेलात हे बी सांगू नका. पोरीचा जन्म जाईल."

मला तिचंच पटत होतं, खरं सांगते. ग्रुप बंद करून टाकावा, फोन बदलावा, चार महिने माहेरी जाऊन बसावं असं मनात आलं. इतकी वर्षं लोक माझ्या शब्दावर पोरी देतात. "सुरेखाताईंनी बघितलंय ना, मग झालं," एवढ्यावर साखरपुडे झालेत. ते सगळं एका दिवसात मातीत जाणार.

तनुजा आईजवळ खाली बसली. "आई, तो सांगणारच हाय. त्यानं सांगितलं की मी वाईट. आधी आपण सांगितलं की तो चोर." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण मी सांगितलं तर लोक म्हणतील, हिनंच कायतरी केलं असंल. तुम्ही सांगा, काकू."

सरूबाई नको नको म्हणत होती. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले. सरितानं ग्रुपवर फक्त मलाच लिहिता-बोलता येईल असं करून दिलं, आणि मी आवाजाचा निरोप पाठवला. पहिल्यांदा बोलण्यात चुकले, तो पुसला. दुसऱ्यांदा म्हटलं:

"मी सुरेखा बोलते. आपल्या ग्रुपवरच्या एका पोरीचे फोटो एका चोराकडं गेले. पोरीनं दिले नाहीत, मी दिले. तो पाहुण्यातला आहे म्हणाला आणि मी फसले. त्यानं तिचा चेहरा घेऊन बाकी सगळं खोटं जोडलंय. पोलिसात तक्रार केलीय. तुमच्याकडं काही आलं तर ते खोटं आहे हे आत्ताच ऐकून ठेवा. उघडू नका, पुढं पाठवू नका, नंबर मला कळवा. आणि ज्याच्या घरातून ते पुढं गेलं, त्याच्या घरचं लग्न मी जुळवणार नाही, आणि का जुळवत नाही ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

शेवटचं ठरवलं नव्हतं. रागात आलं. सरिता म्हणाली, सगळ्यात कामाचं तेच.

१ डिसेंबर

त्यानं पाठवलं. ग्रुपवर येईना म्हणून एकेकाला पाठवलं.

कन्नडहून मोतीरामभाऊंचा सकाळीच फोन. त्यांच्या मुलीचं स्थळ माझ्याकडं आहे. "ताई, आलं होतं. तुमचं ऐकलं होतं म्हणून उघडलं नाय. नंबर घ्या लिहून." मग दुपारपर्यंत असेच फोन. सगळेच काही भले नाहीत. एकानं विचारलं, पोरगी कोणती ते तरी सांगा. त्याला म्हटलं, तुमची. फोन ठेवला त्यानं.

बरीच माणसं ग्रुप सोडून गेली. एका बाईंनी लिहिलं, आमच्या मुलीचं काय केलंत ते देव जाणे.  त्यांचं बरोबर आहे.

तनुजा आज कामावर गेली. तिला फोन करून विचारलं, तिथं कुणी काही बोललं का. म्हणाली, "मी माझ्या सुपरवायझर मॅडमला आधीच सांगितलं होतं." हिला कोणी शिकवलं हे सगळं, कोण जाणे.

४ डिसेंबर

नवे नियम, माझे मीच केले. बायोडाटात मामा-आत्या-मावशी नाहीत, गाव नाही, नुसता तालुका. फोटो एकच. नंबर कुणाचा कुणाला नाही, बोलणं माझ्यामार्फत. जो पाहुण्यातला म्हणेल, त्याच्या त्या पाहुण्याला मी स्वतः फोन लावणार, माझ्याकडच्या नंबरावर. त्यानं दिलेल्या नाही. कार्डावरची लिंक बंद. दुकानांत जाऊन कार्डं परत आणली.

लोक चिडलेत. एक गृहस्थ म्हणाले, "मामा लिहिला नाही तर लोकांना वाटेल पोरीला मामाच नाही." मी म्हटलं, वाटू द्या, लग्नात दिसेल. ते म्हणाले, तुम्ही आता सरकारी झालात. दोन स्थळं दुसरीकडं गेली.

७ डिसेंबर, रविवार

तनुजाचा फोन. "काकू, माझा बायोडाटा काढून टाका." मी म्हटलं, काढला, कधीच काढला. "तुमच्या फोनमधून. बाकीच्यांच्या?"

बाकीच्यांच्या फोनमधून मी कसा काढू? ग्रुपवर टाकलेलं परत घेता येतं असं वाटत होतं, सरिता म्हणाली, आता इतक्या उशिरा नाही. आणि पुढं पाठवलेलं तर नाहीच.

मग वही काढली नाही, काही नाही, फोनमधल्या नावांवरून सुरुवात केली. एकेका घरी फोन. तनुजाचं स्थळ आलं होतं ना तुमच्याकडं? हो. काढा बरं. काढतो. नाही, आत्ता काढा, मी धरून आहे. काहींना कसं पुसायचं ते येत नाही, त्यांना शिकवलं. एका आजोबांना शिकवता शिकवता त्यांनी माझाच नंबर पुसला. पुन्हा लावला. घसा बसला पण काम होतंय. कुणी का म्हणून विचारलं तर सांगते, तिची इच्छा.

१४ डिसेंबर

आठवडाभर फोन केले. आज निवांत बसले होते तर दुसऱ्याच एका ग्रुपवर, माझ्या ओळखीच्या बाईंच्या, तनुजाचा बायोडाटा आला. जुनाच. मामा लासूर, आत्या कन्नड, सगळ्यासकट. मला वाटलं, तोच हरामखोर. बाईंना फोन लावला, कुठून आला तुमच्याकडं? त्यांनी नंबर दिला.

नंबर सरूबाईचा होता.

लावला. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमी बंद केलं मग मी काय करू? वरीस चाललं निघून. ती बाई म्हणाली, चांगली स्थळं हायेत माझ्याकडं."

"सरूबाई, तनुजाला विचारलं होतं का?"

"तिला काय इचारायचं? आईबाप हाव ना आमी."

मला राग आला आणि लगेच उतरलाही. तिच्या जागी मी दुसरं काय बोलले असते? ९ नोव्हेंबरला तो फोन आला तेव्हा मी सरूबाईला विचारलं, बन्सीभाऊंना विचारलं, त्या चोराला तर घराण्यासकट विचारलं. पोरीला नंबर दिल्यावर कळलं.

म्हटलं, "ती आहे का घरी?" रविवार होता, ती गावी गेलेली होती. "द्या तिला."

फोन तिच्याकडं गेला. मागं सरूबाई काहीतरी म्हणत होती.

"तनुजा, तुझं स्थळ ठेवायचं का?"

"नाय, काकू."

"आत्ता नाही, का कधीच नाही?"

"आत्ता नाय. ठेवायचं झालं तर मी सांगेन."

"बरं."

मग तिनं आईला म्हटलेलं मला ऐकू आलं, "आण इकडं, मी शिकवते कसं पुसायचं ते." मी फोन धरून ठेवला, दोघींचं पुसून होईपर्यंत. इतक्या पोरींची लग्नं मी जुळवली, पण समोरून एकीनंही मला सरळ नाही म्हटलेलं आठवत नाही. म्हणणार कशी? मी विचारलं आजच.